फुसका बार

जगात वस्तू दोन प्रकारच्या असतात. एक, ज्या बिघडल्या तर आपण दुकानात जाऊन भांडतो. आणि दुसऱ्या, ज्या बिघडल्या तर भांडायला आपण शिल्लकच राहत नाही. मिक्सर, इस्त्री, लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ या पहिल्या प्रकारातल्या. लिफ्टचा दोर आणि बंदूक या दुसऱ्या. त्यातही बंदुकीचा स्वभाव विशेष तिरसट. ती नको तेव्हा उडाली तरी पंचाईत, आणि हवी तेव्हा उडाली नाही तरी पंचाईत. दोन्ही प्रसंगी तक्रारदार गैरहजर! बंदुकांच्या एखाद्या दुकानदाराने 'आमच्याकडे आजवर एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेलं नाही' अशी पाटी लावली, तर ती खरी मानायला हरकत नाही. प्रश्न फक्त कारणाचा आहे.

तुमच्या-माझ्यासारख्या पांढरपेशा माणसाचा बंदुकीशी संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपुरता. त्या टिकल्यांचा अनुभव कुणाला नाही? दहातल्या सहा वाजतात, तीन नुसत्याच फुस्स करतात, आणि एक, 'का बरं वाजली नाही' म्हणून आपण वाकून बघत असताना वाजते. 'फुसका बार' हा शब्द मराठीत आला तो काही उगाच नाही. कित्येक पिढ्यांचा अनुभव त्याच्या पाठीशी उभा आहे.

मी बँकेत कारकून आहे आणि कॉमर्सचा पदवीधर आहे. या दोन गोष्टी सांगितल्या की इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार संपतो, हे मला ठाऊक आहे. पण बँकेत बंदूक असते हे विसरू नका. आमच्या शाखेतली बंदूक दुनळी, बारा बोअरची आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद लाकडी कपाट आणि पाण्याचा पिंप यांच्या मधोमध आहे. दरवर्षी तिन्हींवर सारख्याच शिस्तीने घसारा लागतो. कपाटाचं दार लागत नाही, पिंपाची तोटी गळते, आणि बंदुकीचं काय होतं ते देवाला आणि मेजरांना माहीत.

मेजर म्हणजे आमचे गार्ड. पलटणीतून ते नाईक होऊन निवृत्त झाले. पण आमच्याकडे मिलिटरीतून परत आलेल्या माणसाला गाव आपल्या अधिकारात मेजर करून टाकतं, त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही. मेजरांचं गाव भोकरदनच्या अंगाला. कंबरेच्या पट्ट्यात ओळीने लावलेली काडतुसं बघून सावकारी पाशातून सुटायला आलेलं गिऱ्हाईकही जरा दबून बोलतं. ती काडतुसं बँकेने रीतसर तीन कोटेशनं मागवून, सर्वांत कमी दराची म्हणून घेतलेली. एका वर्षी सरावाच्या गोळीबारात पाचांपैकी दोन वाजली नाहीत. मी काळजीने विचारलं, "मेजर, उद्या खरंच दरोडा पडला तर हो?"

मेजर शांतपणे म्हणाले, "सायेब, बंदूक कवाच एकटी दगा देत न्हाई. दगा देनारा मानूस आदी आसतो, बंदूक मागून. आमच्या असईला इचारा."

असईला विचारा! मग मी विचारलं. म्हणजे दोन-तीन हिवाळे वाचनालयातून पुस्तकं आणली आणि रविवारच्या दुपारी त्यांत घातल्या. त्यातून जे हाती लागलं ते कॉमर्सच्या पद्धतीने, जमा आणि नावे अशा दोन बाजू धरून मांडतो.

पहिली नोंद राजापूरची. इ. स. १६६० साली सिद्दी जौहर पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता आणि आत शिवाजीमहाराज होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. याने सिद्दीला उखळी तोफा आणि त्यांचे फुटणारे गोळे विकायचं ठरवलं. आता नुसतं विकून गप्प बसावं की नाही? पण हाडाचा विक्रेता तसा बसत नाही. घरी वॉटर फिल्टर विकायला आलेला मुलगा जसा आपल्याच नळाचं पाणी आपल्याच पेल्यात घेऊन प्रात्यक्षिक दाखवतो, तसे हे महाशय माल घेऊन जातीने पन्हाळ्याखाली गेले. इंग्रजांचं निशाण रोवलं आणि गडावर गोळे टाकून दाखवले. ज्यांच्यावर प्रात्यक्षिक केलं ते गिऱ्हाईक गडावरून निसटलं, आणि १६६१ च्या मार्चमध्ये राजापुरात उतरलं. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले. त्यांतल्या काहींना सुटायला १६६३ उजाडलं. विक्रीनंतरची सेवा म्हणतात ती हीच असावी.

पुढे महाराजांनाही तोफा विकत घ्याव्याच लागल्या. १६७३ च्या सुमाराला सुरतेच्या फ्रेंचांकडून ऐंशी तोफा घेतल्याची नोंद आहे. इथे मराठ्यांच्या तोफखान्याचं कायमचं दुखणं दिसतं. तलवार आपली, घोडा आपला, गड आपला, पण चांगली तोफ म्हटली की फिरंग्याच्या दारात उभं राहायचं. आणि विकणारा आपल्याला नको झालेला मालच आधी पुढे करणार, हा व्यापाराचा नियम रविवारच्या बाजारात वांगी घेणाऱ्यालाही ठाऊक असतो. थोरल्या माधवराव पेशव्यांना हे खुपलं असावं. त्यांनी ओतूरजवळ आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना काढला आणि पुण्यातही तोफा ओतायची व्यवस्था केली. पण माधवराव लवकर गेले.

आपल्याकडे तोफ ओतताच येत नव्हती असं मात्र कुणी समजू नये. विजापूरची मुलूखमैदान तोफ मूळची आपल्या अहमदनगरची. १५४९ साली निजामशाहीत रूमीखानाने ती ओतली. तिचं वजन काही टनांत मोजतात आणि तोंड एवढं मोठं की माणूस आत बसेल. तालिकोटच्या लढाईत तिच्यातून तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या उडवल्या असं सांगतात. हे वाचून बँकेतल्या माणसाच्या काळजात चर्र होतं, कारण एवढ्या रकमेचं व्हाउचर कुणी केलं असेल? टिकाऊपणात या तोफेचा हात धरणारं कुणी नाही. १८५४ साली इंग्रज सरकारने तिचा लिलाव पुकारला तेव्हा सर्वांत वरची बोली आली दीडशे रुपयांची! एवढ्या वजनाच्या धातूला दीडशे रुपये. सुदैवाने साहेबाने लिलाव रद्द केला. आमच्या बँकेच्या जुन्या लोखंडी तिजोरीला भंगारवाल्याने जो भाव सांगितला, तोही याच घराण्यातला होता.

पण खऱ्या अर्थाने 'माल' कसा असावा हे दाखवलं ते महादजी शिंद्यांनी. १७८४ पासून त्यांच्याकडे बेन्वा द ब्वाञ नावाचा सरदार होता. हा सॅव्हॉयचा, म्हणजे फ्रान्स-इटलीच्या सीमेवरचा. आपल्या लोकांनी त्याचं डिबॉईन करून टाकलं. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि पलटणींना हत्यारं पुरवायला आग्र्याला कारखाना घातला. त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉच माणूस बसवला. तिथे तोफा ओतल्या जात आणि बंदुकाही होत. एक बंदूक दहा रुपयांत पडे असं लिहून ठेवलंय. दहा रुपयांत!

गंमत पाहा, त्याच सुमाराला इंग्रजांकडे काय चाललं होतं? त्यांची ती प्रसिद्ध 'ब्राउन बेस' बंदूक. ईस्ट इंडिया कंपनीने व्यापारी डोकं चालवून तिची एक स्वस्त आवृत्ती बनवून घेतली होती. नळी बेचाळीस इंचांऐवजी एकोणचाळीस इंच, बाकीचं सामानही साधं. 'हिंदुस्थानात चालतंय' म्हणून! पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपलं, साहेबाच्या सैन्याला बंदुका पुरेनात, तेव्हा सरकारने कंपनीच्या याच स्वस्त बंदुका उचलल्या आणि आपल्याच सैन्याच्या हाती दिल्या. निर्यातीचा कमी प्रतीचा माल शेवटी घरच्याच ताटात वाढला गेला. देव आहे म्हणायचा तो अशा वेळी.

या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या बंदुका विश्वासू कितपत होत्या? चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी कानातल्या रंजकेवर पडायची, रंजक पेटली तर आतली दारू पेटायची. या साखळीत जितके दुवे तितके 'तर'. १८३४ साली इंग्रजांनी वुलिचला एक मोठी परीक्षा घेतली. गारगोटीच्या बंदुकांतून सहा हजार बार काढले, त्यांतले ९२२ फुसके निघाले. म्हणजे साडेसहात एक. नव्या टोपीच्या बंदुकांतून तेवढेच बार काढले, तेव्हा फुसके फक्त ३६. शेकडो वर्षं जगातली राज्यं बुडाली आणि तरली ती या साडेसहात एकावर. यात पावसाचा हिशेब धरलेला नाही. आपल्या टिकल्या म्हणजे त्या मानाने फार वाईट नव्हेत.

आता असई. जालन्याहून भोकरदनकडे निघालं की पुढे जाफराबादच्या बाजूला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव लागतं. लढाई आमच्या जिल्ह्यात झाली असं आम्ही छाती काढून सांगतो. पण जिल्हा झाला १ मे १९८१ ला आणि लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला. तेव्हा तसं सांगण्याचा हक्क मिळवायला आम्हाला एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षं थांबावं लागलं. सरकारी कामाला तेवढा वेळ लागतोच.

एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. घोडदळ धरून पन्नास हजारांच्या आसपास फौज, त्यांत दहा हजारांवर कवायती पायदळ आणि शंभरावर तोफा. दुसऱ्या बाजूला मेजर जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्याकडे साथीदारांचं घोडदळ धरूनही दहा हजार माणूस नव्हतं, आणि तोफा सतरा. त्याचा दुसरा सेनापती स्टीव्हन्सन. दोघांची भेट २१ तारखेला बदनापूरला झाली. दोन वाटांनी जायचं आणि २४ ला मिळून हल्ला करायचा असं ठरलं. बदनापूर म्हणजे आज जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर चहाला थांबतात तेच. तिथल्या चहापाण्यात एवढी मोठी गोष्ट ठरली असेल असं आज कप हातात धरून वाटत नाही.

२३ ला नळणीच्या मुक्कामाजवळ वेलस्लीला कळलं की शत्रू अपेक्षेपेक्षा फारच जवळ आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो तसाच निघाला. केळणा आडवी आली. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं गाव त्याला दिसलं. तो म्हणाला, अशी दोन गावं समोरासमोर वसली आहेत त्या अर्थी मधे उतार असलाच पाहिजे. आणि होता! यात लष्करी प्रतिभा फारशी नाही. अलीकडच्या गावात सून आणि पलीकडे तिचं माहेर असणार, एवढं व्यवहारज्ञान पुरे होतं. पण वाटाड्याला जे सुचलं नाही ते परक्याला सुचलं, हे खरंच.

शिंद्यांच्या पायदळाचा प्रमुख पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस, एके काळी कंपनीकडचाच सार्जंट. इंग्रज बगलेवर आलेले पाहताच त्याने आपली सगळी रांग काटकोनात फिरवून त्यांच्यासमोर उभी केली. आमच्या शाखेत काउंटर फिरवून दुसऱ्या भिंतीला लावायचं ठरलं तेव्हा दीड महिना गेला होता. पोलमनने दहा हजार माणसं आणि तोफा शत्रूच्या डोळ्यांदेखत फिरवल्या. वेलस्लीला हे होईल असं वाटलंच नव्हतं.

आणि मग त्या तोफा बोलू लागल्या. नदी उतरतानाच वेलस्लीजवळच्या एका स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल पटापट पडले, गोलंदाज पडले. शेवटी सेनापतीला आपल्या तोफा तिथेच टाकून नुसत्या संगिनींनिशी पुढे जाण्याचा हुकूम द्यावा लागला. पाहा, तोफ कितीही उत्तम असो, तिची खरी किंमत बैलावर. आपण नवी गाडी घेतो आणि टायर बघत नाही, त्यातलाच हा प्रकार. ७४ वी स्कॉच पलटण असई गावाच्या भिंतीकडे भरकटली, तिथल्या तोफांच्या तोंडी सापडली आणि जवळजवळ खलास झाली. पाचशेतले चारशे पडले किंवा जखमी झाले. तिला वाचवायला गेलेल्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेलही त्याच दिवशी मारला गेला. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा मेला, दुसरा भाल्याने जखमी झाला.

संगिनी रांगेपर्यंत पोचल्या तेव्हा पायदळ मागे हटू लागलं. गोलंदाज हटले नाहीत. ते तोफांपाशीच भोसकले जाईपर्यंत उभे राहिले. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रज पुढे निघून गेल्यावर उठले, तोफा उलट फिरवल्या आणि त्यांच्या पाठीत पुन्हा बार काढू लागले. मग वेलस्लीला स्वतः पलटण घेऊन मागे यावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. एकच माल दोनदा खरेदी करावा लागल्याचं हे इतिहासातलं दुर्मीळ उदाहरण असेल. आणि किंमतही दोन्ही वेळा रोख!

संध्याकाळी हिशेब झाला. इंग्रजांचे ठार ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८, बेरीज १५८४. ही बेरीज मी दोनदा करून पाहिली, बरोबर आहे. एवढ्याशा फौजेला हा आकडा फार मोठा होता. जमेच्या बाजूला ९८ तोफा. त्यांतल्या पितळी तोफा पाहून वेलस्लीने पत्रांतून त्यांची मनापासून तारीफ केली. तिकडे उत्तरेत लेकने शिंद्यांच्याच ज्या तोफा जिंकल्या, त्यांची इंग्रज अधिकाऱ्यांनी बारकाईने पाहणी केली. काहींच्या आत घडीव लोखंडाच्या चार पट्ट्या जोडून केलेली नळी बसवलेली, आणि तिच्यावर पितळ असं ओतलेलं की मधे फट म्हणून दिसू नये. तोंड वरखाली करायला मागे स्क्रू. काम युरोपातल्या कारखान्यांच्या तोडीचं, असा शेरा त्यांनी मारला. शत्रूने दिलेलं प्रशस्तिपत्र हे एकच प्रशस्तिपत्र खरं असतं, कारण त्याला कमिशन मिळत नाही.

या तोफांचा वचक केवढा होता तेही ऐका. दोनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोल्याकडे अडगावला लढाई झाली. असईला ज्या शिपायांनी शर्थ केली होती त्यांच्याच तीन पलटणी तिथे नुसत्या पहिल्या गोळ्यांनी उधळल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः गोळा करून पुन्हा उभं केलं. असईचा आवाज अजून त्यांच्या कानांत होता. म्हातारपणी वेलिंग्टनला कुणी विचारलं की, लढाईच्या कामात तुमच्या हातून झालेली सर्वांत उत्तम गोष्ट कोणती? तो वॉटर्लूचा विजेता. पण उत्तर दिलं, असई.

आता तुम्ही म्हणाल, तोफा एवढ्या चांगल्या, गोलंदाज एवढे चिवट, मग हरलो कसे? माझाही इथेच पेन अडलं. ताळेबंद जुळेना. मग नावेच्या बाजूला नीट पाहिलं.

युद्ध सुरू होताच, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, कंपनीच्या गव्हर्नर जनरलने एक जाहीरनामा काढला. शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती नोकरी सोडून यावं, पगाराची काळजी कंपनी घेईल. आले! कवायत शिकवणारे, पलटणी ओळखणारे अधिकारी लढाईच्या तोंडावर राजीनामे देऊन निघून गेले. डिबॉईनच्या जागेवर आलेला पेराँ. त्यानेही सप्टेंबरात आपला पैसाअडका सांभाळत इंग्रजांचा आश्रय घेतला. असईच्या मैदानावर दौलतराव आणि रघूजी या दोघांनीही लवकर काढता पाय घेतला, आणि हजारोंचं घोडदळ लढाईत नीट उतरलंच नाही. शेवटी राहिले कोण? पगार किती ते आपल्याला माहीत नसलेले, मालक निघून गेलेले, साहेब पळालेले गोलंदाज. शंभर वस्तूंपैकी ज्या खात्रीच्या म्हणून आणल्या होत्या, दुर्बिणीसकट आणि टोपीसकट, त्या सगळ्या फुसक्या निघाल्या. वाजली ती फक्त तोफ आणि तिच्यामागचा माणूस.

बक्षिसांची वाटणीही ऐकण्यासारखी आहे. डिबॉईन आधीच, १७९६ मध्ये, प्रचंड संपत्ती घेऊन मायदेशी गेला होता. त्याच्या गावी, शांबेरीला, त्याच्या स्मरणार्थ कारंजं आहे. चार दिशांना चार हत्ती आणि वर तो. ७४ व्या पलटणीला निशाणावर हत्तीचं चित्र आणि 'असई' हा शब्द मिरवायचा मान मिळाला. हत्ती आपल्याकडचे, ते एक तिकडे गेले आणि एक इकडे. तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पुन्हा उठणाऱ्या, आणि मग खरोखरच मेलेल्या गोलंदाजांच्या वाट्याला हत्तीची शेपूटही आली नाही. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठल्या पुस्तकात भेटलं नाही. तोफांची संख्या मात्र अचूक: ९८. डेडस्टॉक रजिस्टरचा स्वभावच तो. वस्तूची नोंद होते, वापरणाऱ्याची होत नाही.

पुढच्या इतिहासातही हत्यारापेक्षा त्याच्याबरोबरचं किरकोळ सामानच जास्त नडलेलं दिसतं. १८५७ ची एनफिल्ड रायफल घ्या. रायफल उत्तमच होती. पण तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीने साहेबाचं राज्य मुळापासून हादरवलं. खरेदी खात्यातल्या कुण्या कारकुनाने 'ग्रीस, आवश्यकतेनुसार' असं लिहून सही केली असेल, आणि संध्याकाळी निवांत घरी गेला असेल. आपल्या स्वतंत्र हिंदुस्थानची इन्सास रायफल घ्या. १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिच्या मॅगझिनला तडे जाऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. मॅगझिन म्हणजे गोळ्या ठेवायचा डबा, आपल्या भाषेत किरकोळ सामान. कारखान्यात ज्याने तो डबा 'पास' केला त्याला तोलोलिंगवर जायचं नव्हतं.

आणि ३१ मे २०१६ ची रात्र आठवा. वर्ध्याजवळ पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि अधिकारी, जवान, आग विझवणारे कर्मचारी गेले. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पदार्थ गळत होता, असं चौकशीत पुढे आलं. सुरुंग कुठल्या शत्रूसाठी आणले होते, आणि गेले कोण! इथे मला विनोद सुचत नाही, आणि सुचू नये.

तर आमच्या मेजरांचं म्हणणं मला पटलं, फक्त त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. दगा देणारा माणूस नेहमी रणांगणावर पळणारा सरदारच असतो असं नाही. तो पुष्कळदा शंभर कोस लांब, पंख्याखाली, टेबलापाशी बसलेला असतो. त्याच्यापुढे नमुना येतो, फॉर्म येतो, 'तपासलं, ठीक आहे' या ओळीपुढे सहीची जागा येते. शेजारच्या टेबलावर चहा येतो. सही होते. ज्या माणसाच्या हातात ती वस्तू पडणार असते, त्याचं तोंड त्याला कधीच दिसत नाही. म्हणून सही सोपी असते.

आज जालना शहरात भट्ट्या आहेत, पण तोफांच्या नव्हेत. आमच्याकडे बांधकामाच्या सळया होतात आणि अर्ध्या महाराष्ट्राची घरं त्यांवर उभी आहेत. 'जालना सोने का पालना' म्हणतात. आता त्या पाळण्याच्या साखळ्या लोखंडाच्या झाल्या एवढंच. सळईचंही बंदुकीसारखंच असतं. ती फुसकी निघाली तर ज्याने तक्रार करायची तो छपराखाली असतो. तेव्हा तिची परीक्षा करणाऱ्या कुण्या पोरसवद्या इंजिनिअरला एखादा रविवार रिकामा सापडला, तर त्याने असईकडे एक फेरी मारावी. तिथे पाहण्यासारखं फार नाही. दोन लहान नद्या, पिकाची शेतं आणि बांधावरच्या बाभळी. पण आग्र्याच्या ओतशाळेत लोखंडाच्या चार पट्ट्या फट न ठेवता जोडणारा कुणी एक कारागीर होता. त्याचं काम या शेतांत, त्याच्यापासून शेकडो मैलांवर, एका अनोळखी गोलंदाजाच्या हातात शेवटच्या क्षणापर्यंत फुटलं नाही. रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना असतो. त्यात या दोघांपुढे मी, कुणी विचारलं नसताना आणि माझा अधिकार नसताना, 'सुस्थितीत' असं लिहून ठेवलं आहे.

बँकेच्या काडतुसांसाठी नवी कोटेशनं आली आहेत. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट करायचं काम माझ्याकडेच आहे. सर्वांत कमी दराखाली रेघ मारायची पद्धत आहे. मी मेजरांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "मेजर, यातली वाजनारी कोनती?"

मेजर म्हणाले, "त्ये कागदावर कसं दिसल सायेब? आदी दोन-दोन वाजवून बघू, मंग रेघ मारा."

रेघ अजून मारलेली नाही. वरच्या ऑफिसातून दोनदा आठवण आली आहे.